अवधानाचा ताळेबंद

थायरॉइडच्या विकारात ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांपैकी बहुतेकांचा पुरावा दुसऱ्याला दाखवता येतो. वाढलेले वजन काट्यावर दिसते, गळणारे केस कंगव्यात सापडतात, कोरडी त्वचा आणि सुजलेला चेहरा घरातल्यांच्या नजरेस पडतो, आणि रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण प्रयोगशाळेच्या कागदावर छापून मिळते. एका तक्रारीला मात्र असा बाहेरचा साक्षीदार नसतो, आणि ती म्हणजे विचारशक्तीवर दाटून येणारे मळभ. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांपर्यंत येऊन अडते, हातातले काम अर्ध्यावर सुटते, समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते, आणि पूर्वी सहज होणारा हिशेब दोनदा करूनही तो जुळल्याची खात्री वाटत नाही. वैद्यकीय लेखनात अलीकडे या अवस्थेला ‘ब्रेन फॉग’ म्हटले जाते; ते स्वतंत्र रोगाचे नाव नसून विस्मरण, मंदावलेला विचार, विखुरलेले लक्ष आणि मानसिक थकवा यांच्या एकत्रित अनुभवाला दिलेली संज्ञा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील दवाखान्यांच्या बाकांवर हाच अनुभव ‘डोकं चालत नाही’, ‘काही सुचत नाही’, ‘डोकं नुसतं जड झालंय’ अशा शब्दांत सांगितला जातो, आणि पुष्कळदा तो सांगणाऱ्या स्त्रीला ‘वय झालं’, ‘कामाचा ताण असेल’, ‘मनाला लावून घेऊ नका’ अशी उत्तरे मिळतात. उपचार चालू असताना, आणि काहींच्या बाबतीत अहवाल नॉर्मल आल्यानंतरही, टिकून राहणारी ही अवस्था निव्वळ औषधाच्या मात्रेचा प्रश्न मानणे अपुरे आहे. घरातील कामाची वाटणी, दिवसाची आखणी आणि रुग्णाच्या शब्दाला मिळणारा मान या तिन्हींशी तिचा जवळचा संबंध आहे.

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगलेल्या थायरॉइड ग्रंथीला मराठी वैद्यकीय परिभाषेत अवटू ग्रंथी म्हणतात. आहारातून मिळणारे आयोडीन वापरून ती दोन संप्रेरके तयार करते: आयोडीनचे चार अणू असलेले टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन, आणि तीन अणू असलेले टी-३. संप्रेरक म्हणजे एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दूरच्या पेशींना कामाचा संदेश देणारे रसायन. या ग्रंथीने किती काम करावे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाच्या संप्रेरकाच्या द्वारे ठरवते. रक्तातील थायरॉक्सिन घटले की टीएसएच वाढते आणि थायरॉक्सिन वाढले की टीएसएच उतरते. ‘थायरॉइड वाढला’ असे जेव्हा घरोघरी म्हटले जाते, तेव्हा बहुधा टीएसएच वाढलेले आणि ग्रंथीचे काम मंदावलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अहवाल वाचताना होणारा गोंधळ टळतो. मेंदूची व्यवस्था याहून थोडी निराळी आहे. तेथे पोहोचलेल्या टी-४चे रूपांतर चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशी एका विशिष्ट विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या, साहाय्याने टी-३मध्ये करतात, आणि चेतापेशींना प्रत्यक्ष उपयोगी पडते ते हे टी-३. त्यामुळे रक्तातील प्रमाण आणि मेंदूच्या पेशींना मिळणारे प्रमाण या दोन गोष्टी परस्परांशी निगडित असल्या, तरी एकच नाहीत.

या विकाराची व्याप्ती लहान नाही. मुंबई आणि गोव्यासह भारतातील ८ शहरांत ५ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ ११ टक्के व्यक्तींमध्ये ग्रंथीचे काम मंदावल्याचे, म्हणजेच हायपोथायरॉइडिझमचे, निदान झाले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. एके काळी भारतात गलगंड आणि थायरॉइडचे विकार यांचे मुख्य कारण आयोडीनची कमतरता हे होते, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा उपाय सिद्ध केला, १९६२मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे आयोडीनयुक्त मीठ खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचले. आज प्रौढांमध्ये आढळणाऱ्या विकाराचे मोठे कारण निराळे आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते, ज्याचे वर्णन हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२मध्ये केले आणि ज्याला त्याचेच नाव मिळाले. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली असेल किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झाला असेल, तरीही थायरॉक्सिनची हीच कमतरता निर्माण होते.

मनावर होणारा परिणाम हा या रोगाचा नंतर सापडलेला पैलू नव्हे. रोगाच्या पहिल्या नोंदींतच तो आहे. विल्यम गल या इंग्रज वैद्याने १८७३मध्ये प्रौढ स्त्रियांमधील या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा चेहऱ्यावरच्या सुजेइतकीच स्वभावातील आणि विचारातील मंदता त्याच्या नजरेत भरली होती. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने शंभराहून अधिक रुग्णांची पाहणी करून १८८८मध्ये जो अहवाल काढला, त्यातही विचार आणि बोलणे मंदावल्याची नोंद आहे. १८९१मध्ये जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला आणि ती सुधारली. पुढे हा अर्क घेत ती ७४व्या वर्षापर्यंत जगली. एडवर्ड केंडॉल याने १९१४च्या नाताळाच्या दिवशी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, १९२७मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले, आणि १९४९मध्ये रिचर्ड ॲशर याने या कमतरतेमुळे उद्भवणाऱ्या तीव्र मनोविकारांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. इतक्या जुन्या नोंदी असताना आजच्या रुग्णाला आपल्या विस्मरणाबद्दल खुलासा देत बसावे लागते, याचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधण्यापेक्षा ऐकण्याच्या सवयीत शोधणे योग्य ठरेल. टीएसएचची अचूक चाचणी उपलब्ध झाल्यावर निदान सोपे आणि स्वस्त झाले, अगणित रुग्णांचे त्यात भले झाले. मात्र आकडा हाती आल्यापासून रुग्णाच्या कथनाकडे लक्ष देण्याची निकड कमी झाली.

उपचाराची गती समजून घेतल्याखेरीज या मळभाशी जुळवून घेणे कठीण जाते. लेव्होथायरॉक्सिन हे गोळीच्या रूपात दिले जाणारे थायरॉक्सिनच असून, त्याचा शरीरातील अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे ७ दिवसांचा आहे. मात्रा बदलल्यानंतर रक्तातील पातळी स्थिरावण्यास ५ ते ६ आठवडे लागतात आणि म्हणून पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी केली जाते. गोळी सुरू करून चार दिवस झाले, तरी डोके हलके झाले नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरवणे हे औषधाच्या स्वभावाला धरून नाही. उलट, घाई करून स्वतःच्या मनाने मात्रा वाढवली, तर धडधड, झोपमोड आणि बेचैनी सुरू होते, दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात, आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. त्यातही टीएसएच पूर्वपदावर आल्यानंतर विचारशक्ती त्याच आठवड्यात पूर्वपदावर येतेच असे नाही. बहुतेकांना काही महिन्यांत स्पष्ट फरक जाणवतो. काहींना मात्र आकडा नॉर्मल असूनही अंधूकपणा जात नाही.

या उरलेल्या काहींबाबत वैद्यकशास्त्रात प्रामाणिक मतभेद आहेत. गोळीतून फक्त टी-४ मिळत असल्याने अशा रुग्णांच्या रक्तातील टी-३चे सापेक्ष प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा किंचित कमी राहू शकते, हे दिसून आले आहे. त्यामुळे टी-४सोबत टी-३ द्यावे, असा विचार पुढे आला. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याने मनःस्थिती व विचारक्षमता सुधारल्याचे दिसले, पण नंतरच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात असा सरसकट लाभ आढळला नाही. अमेरिकेत ब्रेन फॉगचा अनुभव असलेल्या ५ हजारांहून अधिक रुग्णांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले आहे. त्यात जवळजवळ निम्म्या जणांनी ही लक्षणे निदानाच्या आधीच सुरू झाल्याचे सांगितले, थकवा आणि विस्मरण यांचा उल्लेख सर्वाधिक झाला, आणि विश्रांतीने बरे वाटते, असे अनेकांनी नमूद केले. अशा पाहणीतून प्रमाण ठरत नाही, कारण त्रास असलेलेच लोक तिला उत्तर देतात. तथापि एकमेकांना न ओळखणारी इतकी माणसे जेव्हा जवळजवळ सारख्याच शब्दांत एकच तक्रार मांडतात, तेव्हा तिला कल्पनेचा खेळ म्हणून बाजूला सारणे शास्त्राच्याच शिस्तीला सोडून होईल.

त्याचबरोबर सर्व विस्मरण थायरॉइडच्या खात्यावर मांडणेही रुग्णाच्या हिताचे नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवले आहे, आणि रक्तक्षयाने येणारा थकवा थायरॉइडच्या थकव्याहून वेगळा ओळखता येत नाही. शाकाहारी आहारात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, आणि त्याची कमतरता थेट स्मृतीवर व चेतांवर परिणाम करते. घोरण्यासोबत झोपेत श्वास अडखळणे, मधुमेह, नैराश्य आणि रजोनिवृत्ती हीही अशीच कारणे आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांत अकाली गर्भाशय काढलेल्या स्त्रिया भेटतात, आणि गर्भाशयासोबत अंडाशयही काढले असल्यास रजोनिवृत्तीचे परिणाम पस्तिशीतच सुरू होतात. एकाच देहात यांतील तीन-चार कारणे एकत्र नांदू शकतात. ‘डोकं चालत नाही’ या वाक्याचे उत्तर म्हणून केवळ टीएसएच पुन्हा तपासणे पुरेसे ठरत नाही, ते याचसाठी. शिवाय केसगळतीसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या काही चाचण्यांचे निकाल चुकवतात, आणि म्हणून तपासणीपूर्वी त्यांची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.

या रोगातील एक कठीण पेच असा की, तो स्मृती मंदावतो आणि त्याचा उपचार मात्र रोजच्या स्मृतीवरच सोपवलेला असतो. लेव्होथायरॉक्सिन पुष्कळदा पट्टीऐवजी लहान बाटलीत मिळते. पट्टीतून गोळी काढली की मागचा कागद फाटलेला राहतो आणि आजची गोळी गेली, याची खूण उरते. शंभरावर गोळ्यांच्या बाटलीत मात्र एक कमी झाली काय किंवा न झाली काय, दिसण्यात काहीच फरक पडत नाही. पहाटे पाचला उठलेली स्त्री चुलीजवळच्या फळीवरून बाटली उचलते, इतक्यात गोठ्यात वासरू हंबरते, ती बाटली तशीच ठेवून धार काढायला जाते, आणि परत आल्यावर गोळी घेतली होती की नुसती बाटलीच हाती घेतली होती, हे तिला काही केल्या आठवत नाही. यावर घराघरांत आधीच असलेली एक सोय उपयोगी पडते. १९७३पासून मराठी भिंतींवर टांगल्या जाणाऱ्या कालनिर्णयाच्या चौकटींत दुधाचे लिटर, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामाचे खाडे लिहिण्याची रीत जुनीच आहे. त्याच चौकटीत गोळीची खूण करावी, आणि ती गोळी पाण्यासोबत गिळल्यानंतरच करावी, आधी नव्हे. एखाद्या दिवशी चौकट रिकामी राहिलीच, तर औषधाचा अर्धायुकाल लांब असल्याने एका चुकलेल्या गोळीने मोठे नुकसान होत नाही, हे जाणून घेतल्याने दिवसभराची रुखरुख तरी वाचते.

गोळीच्या वेळेचाही असाच विचार करावा लागतो. ती उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून सुमारे चार तास दूर ठेवायच्या असतात, कारण ते घटक तिला आतड्यातच अडवून धरतात. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम नियमाने दिले जात असल्याने हे अंतर तेव्हा विशेष महत्त्वाचे ठरते, शिवाय त्या काळात थायरॉक्सिनची गरजही वाढते. ज्या घरात चहाशिवाय पहाटेचे कोणतेच काम सुरू होत नाही, तेथे हा तासाभराचा खंड पाळणे सोपे नसते. रात्रीचे जेवण होऊन तीनेक तास उलटल्यावर झोपताना गोळी घेणे हाही मान्य पर्याय असून, सकाळी ज्यांचा हात रिकामा नसतो, त्यांनी तो डॉक्टरांना विचारून अवश्य स्वीकारावा. ऊसतोडणीला निघणाऱ्या कुटुंबाने पाच-सहा महिन्यांच्या हंगामाला पुरेल इतके औषध कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांवर, न्यायच्या सामानात आधी बांधावे, कारण कारखाना बदलला, मुकादमाने तळ हलवला, की ओळखीचा दवाखाना आणि औषधाचे दुकान दोन्ही मागे राहतात.

रुग्णाच्या कथनाला ज्ञानाचा दर्जा देण्याचे काम अहिल्यानगर जिल्ह्याने पूर्वी केलेले आहे. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि त्याचा कणा म्हणून गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि अनेक जणी दलित व उपेक्षित समाजांतल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला एकत्र येत, शिकलेले परत परत म्हणून पक्के करत, गावात घडलेले एकमेकींना सांगत, आणि पुन्हा आपापल्या गावी जाऊन तेच इतर बायांना शिकवत. १९७९मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून टिकाऊ म्हणावा असा त्यांचा धडा हा की, आजाराबद्दलची खरी माहिती दवाखान्याइतकीच ओसरीवरही मिळते, तिथे बसून ऐकणारे कोणी असेल तर. थायरॉइडच्या मळभाला हा धडा तंतोतंत लागू पडतो. दर महिन्याला ओळखीच्या बाईने दारात येऊन ‘गोळी रोज जाते का’ आणि ‘डोकं कसं आहे, कोणतं काम अडतं’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर सहा महिन्यांत जे चित्र उभे राहील, ते तपासणीच्या तीन कागदांतून उभे राहणार नाही.

दरम्यान रोजचे आयुष्य थांबत नाही आणि मंदावलेल्या विचारानेच ते चालवावे लागते. याबाबत दुष्काळी पट्ट्यातील या जिल्ह्याने पाण्याच्या बाबतीत कमावलेले शहाणपण मार्गदर्शक ठरते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे केली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. पाऊस किती झाला आणि विहिरींची पातळी कुठवर आली, हे मोजून ग्रामसभा त्या वर्षीची पिके ठरवते, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवले जाते, उसासारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य असतात, आणि शेतीसाठी बोअर खोदण्यास मनाई आहे. पाऊस कमी झाला, याबद्दल तेथे कोणी स्वतःला अपराधी मानत नाही. जेवढे आहे, ते मोजून त्याप्रमाणे पेरणी केली जाते. थायरॉइडच्या रुग्णाचे अवधान, म्हणजे एका गोष्टीवर चित्त धरून ठेवण्याची शक्ती, हेही उपचाराच्या काळात असेच मर्यादित असते, आणि पूर्वी होते तेवढेच ते आजही असेल, असे गृहीत धरून दिवस आखला की दुपारपर्यंत ते संपते. खोल बोअर मारून पाणी उपसावे, तसे चहावर चहा पिऊन आणि झोप मोडून ते ओढून काढता येते, पण त्याची भरपाई पुढचे दोन दिवस करत बसावी लागते.

हा ताळेबंद प्रत्यक्षात कसा मांडायचा, याची उत्तरे साधी आहेत, पण ती ठरवून अमलात आणावी लागतात. दिवसातील ज्या दोन-तीन तासांत डोके सर्वांत स्वच्छ असते, ते ओळखून त्या वेळेत हिशेबाचे, वाचनाचे, निर्णयाचे काम ठेवावे, आणि झाडलोट, निवडणे-टिपणे, कपडे अशी हाताच्या सवयीने होणारी कामे उरलेल्या वेळेवर टाकावीत. कार्यस्मृती, म्हणजे काम चालू असताना मनात क्षणभर धरून ठेवायच्या गोष्टींची जागा, या विकारात लवकर भरते. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या मोजणे, फोनवर बोलणे आणि मुलाचा अभ्यास घेणे एकाच वेळी करू नये. दूध संकलन केंद्रावर यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर अशा चार-पाच गोष्टी छापलेल्या असतात. ती तिथल्या तिथे गडबडीत वाचून विसरण्यापेक्षा घरी आणून खिळ्याला अडकवावी आणि दहा दिवसांच्या पगाराच्या वेळी सर्व चिठ्ठ्या सोबत बसून दुसऱ्या कोणाकडून जुळवून घ्याव्यात. शिक्षिकेने पाठाचे मुद्दे फळ्याच्या कोपऱ्यात आधी लिहावेत, बँकेत किंवा पतपेढीत काम करणाऱ्याने रकमा शब्दांत आणि अंकांत मोठ्याने वाचून खात्री करावी, ऊसतोडीच्या कुटुंबाने उचल आणि भरलेल्या गाड्या यांची नोंद तोंडी न ठेवता वहीत ठेवावी, कारण मुकादमाशी हिशेब होताना विसरलेली गाडी परत मिळत नाही. रोज थोडे चालणे, झोपेची ठरलेली वेळ आणि दुपारची छोटी विश्रांती यांनी अवधान नव्याने साठते, ही बाब औषधाइतकीच गंभीरपणे घेण्यासारखी आहे.

स्मृतीचा भार बाहेर टाकण्यात अनेकांना कमीपणा वाटतो, जणू काही जे मनात राहत नाही, ते आपले नव्हेच. मराठी संस्कृतीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२मध्ये, म्हणजे इ. स. १२९०मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला, तेव्हा समोर निवृत्तिनाथ आणि श्रोते होते, सच्चिदानंद बाबा ते लिहून घेत होते, आणि ज्ञानेश्वर पुन्हा पुन्हा श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करत होते. मराठीतील सर्वांत प्रखर प्रज्ञेच्या त्या कार्यातही बोलणारा, लिहिणारा आणि ऐकणारा असे निरनिराळे जण सामील होते, आणि त्यामुळे बोलणाऱ्याच्या प्रतिभेला कोणतीही बाधा आली नाही. विचार एकट्याच्या डोक्यात सुरू होऊन तिथेच पूर्ण व्हावा, ही अपेक्षा निरोगी माणसालाही क्वचितच पेलते. आजारी माणसावर ती लादणे हा अन्याय होतो. नवऱ्याने औषधाची चौकट पाहणे, मुलीने दवाखान्याची फाइल तारखेनुसार लावणे, सासूने स्वयंपाकघरातील डब्यांची जागा न बदलणे, हे सगळे त्या घराने रुग्णासाठी लिहून घेतल्यासारखेच आहे.

घरात सर्वांत घातक ठरणारे वाक्य बहुधा सद्भावनेतून येते: ‘रिपोर्ट तर नॉर्मल आला, मग आता काय?’ या प्रश्नाने रुग्णाची स्थिती विचित्र होते. तिला आपल्या त्रासाचे समर्थन करावे लागते, आणि ते करण्यासाठी लागणारी मांडणी व शब्द हेच नेमके त्या त्रासात हरवलेले असतात. मग ती बोलणेच सोडते, कामाचा वेग वाढवून चुका झाकू पाहते, आणि दमून जाते. काही जणी या टप्प्यावर औषधच बंद करतात, किंवा ‘मुळापासून थायरॉइड घालवतो’ म्हणणाऱ्यांकडे वळतात. ग्रंथी कायमची नष्ट झालेली असेल, तर गोळी सोडल्यावर कमतरता परतते, आणि मळभ आणखी गडद होते. ‘नॉर्मल’ या शब्दाने अहवाल इतकेच सांगतो की, रक्तातील टीएसएच निरोगी लोकांच्या व्यापक मर्यादेत आहे. या विशिष्ट व्यक्तीची झोप, तिचे हिमोग्लोबिन, तिच्या मनावरचे ओझे किंवा तिच्या मेंदूला मिळणारे टी-३ यांविषयी तो काही सांगत नाही, आणि ज्याविषयी तो बोलतच नाही, त्याविषयी त्याची साक्ष काढू नये.

म्हणून उपचाराची कसोटी दुहेरी असायला हवी. टीएसएच आवाक्यात आणणे हा तिचा अर्धा भाग, आणि तो सोडून चालणार नाही, कारण वाढलेल्या टीएसएचसह मन स्वच्छ होण्याची आशा व्यर्थ आहे. दुसरा अर्धा भाग रुग्णाच्या कामाचा आहे: हिशेब पुन्हा जुळू लागला का, पुस्तकाचे पान एका वाचनात कळू लागले का, ग्रामसभेत मांडायचा मुद्दा शेवटपर्यंत धरून ठेवता येतो का. प्रत्येक तपासणीच्या कागदावर आकड्याच्या शेजारी डॉक्टरांनी रुग्णाच्याच शब्दांत एक ओळ लिहावी, की मागच्या दोन महिन्यांत कोणते काम जमू लागले आणि कोणते अद्याप अडते. ती ओळ लिहिण्यास एक मिनिट लागते, तिला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि पुढच्या भेटीत रक्तक्षय पाहायचा, झोपेची चौकशी करायची की मात्रेचा फेरविचार करायचा, हे ठरवण्यास तिचाच सर्वाधिक उपयोग होतो. ज्या दिवशी या दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतील, त्या दिवशी रुग्ण बरी झाली, असे म्हणावे. आणि त्या जुळेपर्यंत तिचे अवधान जेवढे आहे, तेवढ्यातच तिचा दिवस सन्मानाने बसवणे हे तिच्याइतकेच तिच्या घराचे, तिच्या डॉक्टरांचे आणि तिच्या कामाच्या जागेचे कर्तव्य मानावे.